कपड्यांतली रोसविटा

हार्टमुट आमच्या गावचा शाकारणारा. बाल्टिकच्या वाऱ्यापुढे कौलं टिकत नाहीत असं आमच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, म्हणून घरांवर बोरूची जाड छपरं, आणि ती शाकारायला हार्टमुट. कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ. जुलैच्या उन्हात छपरावर चढला तरी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. घामाने निथळेल, पण एक बटण सोडेल तर शपथ.

कारण होतं त्याला. लहानपणी घरी डुक्कर कापलं होतं, केस काढायला उकळत्या पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं, आणि हा धावताना त्यावर आपटला. पिंप उलटलं. मानेपासून मांड्यांपर्यंत पाठ भाजून निघाली. पोर जगलं हेच नशीब, पण कातडी कायमची आकसून गेली. शाळेत पोहण्याच्या तासाला पोरं त्याला ‘शिजलेलं डुक्कर’ म्हणायची. पोरांच्या जिभेला काय हाड असतं! त्यानंतर हार्टमुटने कोणासमोर सदरा काढला नाही. आईसमोरसुद्धा नाही.

त्याची ही गाठ सोडवली थेकला मावशीने. बर्लिनची भिंत अजून पक्की उभी होती तेव्हाची ही गोष्ट. आमचा किनारा नागड्यांचा. उन्हाळा आला की अर्धं गाव आणि देशभरातून आलेले पाहुणे वाळूवर आडोशाची रंगीत कापडं रोवायचे, कपडे पिशवीत कोंबायचे आणि पाण्यात शिरायचे. शिक्षक, टपालवाला, डॉक्टरीणबाई, सगळे. वर पाइनच्या झाडीत तंबू, तिथेही तोच कारभार. बटाटे सोलायचे ते तसेच, पत्ते कुटायचे ते तसेच. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. फार पूर्वी पोलीस यायचे म्हणतात हटकायला. आम्ही त्यांनाच वर्दी काढून पाण्यात यायला सांगितलं, तेव्हापासून फिरकले नाहीत. नियम एकच होता: कपडे घालून बघत बसायचं नाही.

थेकला मावशी या किनाऱ्याची पाटलीण. अंगावर फक्त एक गवती टोपी. तिच्या घराचं छप्पर पुरं झालं त्या दिवशी तिने हार्टमुटला बखोटीला धरून समुद्रावर नेलं. तो वाळूच्या उंचवट्यावर सदरा-विजारीत बसून राहिला. मावशी खालून ओरडली, "अरे ए, तमाशाला आलास काय? पॅन्ट उतरव, नाहीतर चालू पड!"

"मावशी, माझी पाठ..."

"पाठ काय पाठ? सगळ्यांना असते! हे बघ माझं पोट. तीन बाळंतपणं आणि एक ऑपरेशन. हे बघूनही लोकं जेवतात की नाही इथे बसून?"

आजूबाजूचे हसले. मावशीवर हसले, त्याच्यावर नाही. हार्टमुटने बटणं सोडली. शेवटचं घाईत ओढलं, ते तुटून वाळूत गेलं. कपडे काढले, चष्मा काढून त्यांच्यावर ठेवला. चष्म्याशिवाय त्याला वीतभर अंतरापलीकडे सगळं धुक्यातलंच दिसायचं, पण खाऱ्या पाण्यात चष्मा नेणार कोण? मान खाली घालून उभा राहिला आणि वाट बघू लागला. कोण काय म्हणतंय!

कोणीच काही म्हटलं नाही. त्याची पाठ सगळ्यांनी पाहिली. आंधळं कोणी नव्हतं. पाहिली आणि आपापल्या कामाला लागले. टपालवाल्याने चेंडू फेकला, "झेल रे, खांबासारखा उभा काय!" बस्स. त्या संध्याकाळी हार्टमुटच्या पाठीला पहिल्यांदा वारा लागला, ऊन लागलं, मीठ लागलं. वाळूत पालथा पडून तो खुळ्यासारखा एकटाच हसत होता. पुढच्या आठवड्यात छपरावर त्याच्या अंगात सदरा नव्हता, हे अख्ख्या गावाने पाहिलं.

मग एका ऑगस्टमध्ये रोसविटा आली.

खालून, दक्षिणेकडच्या एल्ब नदीच्या बाजूने यायची ती, तंबू घेऊन. उंच, धिप्पाड, वजनाने भरभक्कम बाई. तिचं हसू तर असं की समुद्रपक्षी उडायचे. पाण्यात मात्र सीलसारखी सुळसुळीत. समोरच्या, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यापर्यंत दोघं पोहत जायचे, तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गप्पा मारायचे. म्हणजे ती मारायची. हवा गार झाली की ती दात वाजवत म्हणायची, "उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं, तशी गत आहे बघ आपली!" धुराची मासळी, जाड पाव आणि घोटभर कडक दारू, हे त्यांचं जेवण.

किनाऱ्यावर आडनाव विचारायची रीत नाही, धंदा विचारायची तर त्याहून नाही. कपड्यांबरोबर हुद्दाही पिशवीत. डॉक्टरीणबाई आणि टपालवाला एकमेकांना अरे-तुरे करायचे. त्यामुळे रोसविटा काय करते हे हार्टमुटला ठाऊक नव्हतं, आणि हा काय करतो ते तिला नाही.

एक दिवस तिने विचारल्याशिवाय त्याच्या पाठीला तेल लावलं. व्रण असलेल्या जागी, आकसलेल्या जागी, सगळीकडे, पावाला लोणी लावावं तसं.

"नको गं," तो म्हणाला.

"का? पाठ तुझीच ना? मग पोसायला नको?"

मग ती त्याच्या शेजारी आडवी झाली आणि आकाशाकडे बघत म्हणाली, "माझ्या आईने मला कधी आरशापुढे उभं केलं नाही. म्हणायची, आरसा फुटेल. घरी, रस्त्यात, सगळीकडे मी म्हणजे हत्तीण. लोकांना वाटतं जाड माणसाला ऐकू कमी येतं. वर्षाचे अकरा महिने मी अंग चोरून काढते बघ, आणि इथे येऊन एक महिना श्वास घेते."

हार्टमुटला त्या क्षणी बोलायला हवं होतं. "माझ्याशी लग्न करशील का?" एवढंच तर विचारायचं होतं! पण मुखदुर्बळ माणूस तो. तंबू उतरवून ती निघाली तेव्हाही म्हणाला काय, तर "पाऊस यायचाय, लवकर निघ." मावशीने कपाळाला हात लावला.

ऑक्टोबर सरता सरता त्याला झोप लागेना, अन्न गोड लागेना. पुढच्या ऑगस्टपर्यंत धीर धरवेना. नोव्हेंबरात, बोरूची कापणी सुरू व्हायच्या आत, त्याने चांगला कोट घातला, चष्मा पुसला, तिला द्यायला एक अंबरचा खडा खिशात टाकला आणि आगगाडीत बसला. जवळ पत्ता म्हणजे काय, तर तिच्या बोलण्यात आलेली एल्ब नदी आणि माइसेन शहराचं नाव. याला म्हणतात आंधळी कोशिंबीर.

तो माइसेनच्या दुकानांतून विचारत फिरला. "रोसविटा नावाची बाई, उंच, अंगाने भरलेली, मोठ्याने हसते."

बेकरीवाली म्हणाली, "केस कसे? कपडे कसले घालते?"

केस तर त्याने कायम ओलेच पाहिलेले. आणि कपडे? कपडे कधी पाहिलेच नव्हते! बेकरीवालीने त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दोन दिवस भटकून तो हात हलवत परत आला. खडाही परत आला.

पुढच्या ऑगस्टला रोसविटा आली नाही. तिच्या तंबूच्या जागेवर तो काठ्या रोवून आडोसा धरून बसायचा. दुसऱ्या कोणाला तंबू ठोकू द्यायचा नाही. त्याच्या पुढच्या ऑगस्टलाही नाही. मावशी म्हणायची, "लग्नबिग्न झालं असेल रे तिचं. तू आपली डॉक्टरीणबाईची बहीण बघ." त्याने कोणाचीच बहीण बघितली नाही. थेकला मावशी गेली. भिंत पडली. भिंतीपलीकडचे लोक पैसे आणि पोहायचे कपडे घेऊन आले, हॉटेलं उठवली, आणि कानामागून आली तिखट झाली तशी आम्हालाच विचारू लागले, तुम्हाला लाज नाही वाटत? किनाऱ्याच्या मध्यावर पाटी लागली: इकडे कपड्यांतले, तिकडे नागडे. आमची बाजू दर वर्षी आखडत गेली. हार्टमुट मात्र हटला नाही. केस पांढरे झाले, छपरं गावातल्या तरण्या पोरांच्या हाती गेली, पण उन्हाळाभर तो वाळूवर असायचाच.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मागून हाक आली.

"हार्टमुट?"

त्याने मान वळवली. चष्मा कपड्यांवर होता. दिसला तो एक मोठा, करडा ठिपका, लांब कोटातला. पण आवाज!

"रोसविटा!"

"पाठीवरून ओळखलं," ती म्हणाली. "सहलीच्या बसने आलोय आम्ही. नवरा वर कॉफी पितोय. म्हटलं, बघून येऊ."

ती वाळूत बसली, कोटासकट, बुटांसकट. आमच्या लोकांनी मान वर केली, पण म्हातारी बाई, कोण काय बोलणार. हार्टमुटला काय करू नि काय नको असं झालं. आयुष्यभर न बोललेला माणूस धबधब्यासारखा बोलू लागला. "मी तुला शोधायला आलो होतो गं! त्याच नोव्हेंबरात! माइसेनला! तुला लग्नाचं विचारायला. सापडली नाहीस. तू आली का नाहीस परत? का?"

रोसविटाने कोटावरची वाळू झटकली. मग म्हणाली, "मला माहीत आहे तू आला होतास. तुझं तिकीट मी तपासलं."

"काय?"

"मी रेल्वेत होते रे. तिकीट तपासनीस. गाडीत चढले, डब्याचं दार उघडलं, तर समोर तू! म्हटलं, आला! हा माणूस माझ्यासाठी आला! घसा बसला होता माझा, थंडीने, पण हसले तुझ्याकडे बघून. तिकीट हातात धरून उभी राहिले. म्हटलं, आता बोलेल. तू म्हणालास, ‘धन्यवाद, बाई.’ आणि खिडकीबाहेर बघायला लागलास."

हार्टमुटला आठवलं. टोपी, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, निळा गणवेश, घोगरा आवाज. चष्म्यातून स्वच्छ दिसलेला एक चेहरा.

"अगं, ओळखलंच नाही मी!" तो जवळजवळ ओरडला. "देवाशप्पथ! किनाऱ्यावर माझ्या डोळ्यांवर चष्मा नसायचा, रोसविटा! तुझा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता! मला फक्त तू कशी चालतेस, कशी पोहतेस, तेवढंच ठाऊक! कपड्यांत, टोपीत, कशी ओळखणार? एवढीशी गोष्ट! एवढ्याशा गोष्टीसाठी आपलं आयुष्य..."

"असेल," ती म्हणाली. "हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मानते मी." आणि थोड्या वेळाने, "पण त्या डब्यात दोन पोरगे होते, आठवतात? मी वळले तेव्हा एक म्हणाला, ‘बाजूला व्हा, नाहीतर गाडी कलंडेल.’ सगळा डबा हसला. तू पण हसलास."

हार्टमुटने गुडघे छातीशी ओढून घेतले.

"अगदी मोठ्याने नाही. जरासं. लोक हसतात म्हणून आपण हसतो ना, तसं. मला दाराच्या काचेत दिसलं." तिने वाळूचा एक मूठभर ढीग केला आणि मोडला. "वाटलं, वाळूवर ठीक होतं याला, चार लोकांत लाज वाटते. म्हणून नाही आले. आता तू म्हणतोस, ओळखलं नाही. बरं. मग तू हसलास तेव्हा कोणाला हसलास रे?"

वाऱ्याने तिच्या कोटाचं टोक उडवलं. तिने ते घट्ट गुडघ्याखाली दाबलं. "त्यानंतर मी कुठेच कपडे काढले नाहीत. नवऱ्यासमोरसुद्धा दिवा मालवून. चांगला माणूस आहे तो, कधी काही म्हणत नाही. पण डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी माझे हातपाय गार पडतात."

"पाण्यात येतेस?" हार्टमुटने विचारलं. "दांड्यापर्यंत? आज पाणी छान आहे."

"नाही रे. आता नाही जमायचं."

ती उठू लागली. त्याने हात दिला. तिने तो घेतला, कारण वाळूतून उठायला तिला आधार लागत होता. हात सोडायच्या आधी त्याने ते शब्द तोंडातून काढले, जे काढायला सगळ्यात अवघड होते.

"तुलाच हसलो मी, रोसविटा. तू कोण ते ठाऊक नव्हतं, पण तुलाच."

तिने मान हलवली. "हं," म्हणाली, "एवढं तरी खरं बोललास." आणि हळूहळू पायवाटेने वर निघाली, जिथे बसचा भोंगा वाजत होता.

हार्टमुट तसाच उभा होता. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून सांगायचं काय? रडू आलं तेव्हा डोळे पुसायला त्याच्या अंगावर बाहीसुद्धा नव्हती. भर दुपारी, भरल्या किनाऱ्यावर, तो हाताने तोंड झाकून रडत राहिला.