अंगणातली सदाफुली

कॅन्सरच्या सुईतलं औषध सदाफुलीपासून बनतं, म्हणून तिचा पाला वाटून प्यावा, असं तुम्हालाही वाटतं का? साकोलीच्या माझ्या मावशीला रक्ताचा कॅन्सर आहे. तिने नागपूरची सुई सोडून हा रस सुरू केला. शेजारणींनी देवासाठी फुलं तोडणं थांबवून आपापली झाडं तिच्यासाठी राखली.

"सुई काहून सोडली वं मावशी?"

"तिच्यात हेच झाड हाय म्हणतेत. मंग अंगणातलं काय सावत्र हाय?"

"झाडात विषबी हाय. दवाखान्यात औषध वेगळं काढून, मोजून देतेत."

ती हसली आणि तिने रसाचा पेला उचलला. मी तो हिसकावून मोरीत ओतला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही आणि सुईलाही गेलेली नाही. तुमच्या घरी कुणी असा रस पीत असेल, तर आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या.