रोजच्यासारखं बसा

शिवणकारखान्यात तिला सगळे काजमावशी म्हणत, मालकसुद्धा. कोटांची काजं हाताने करायची, हे तिचं आयुष्यभराचं काम. तिची काजं इतकी नेटकी की यंत्राची काजं त्यांच्यापुढे उंदराने कुरतडल्यासारखी दिसत. पण हल्ली उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली होती. आधी मुंग्या यायच्या, त्या तरी बऱ्या म्हणायच्या. आता काहीच यायचं नाही. सुई बोटांत आहे की सुटली, हे डोळ्यांनी बघून कळायचं. आणि जिच्या हाताला सुई कळत नाही, तिच्या हातात कोट कोण देणार? तिची रवानगी धागे कापायला. ही एवढी एकच भीती तिला होती, आणि तीसुद्धा आताशा बोथट झाली होती.

औषधाच्या दुकानदाराने मलम दिलं. शेजारणीने शेक सांगितला. नवरा म्हणाला, "वय झालं तुझं, दुसरं काय!" जणू हा स्वतः अजून लग्नाचाच होता! शेवटी लेकीने शोधाशोध केली. काम करताना माणसाने बसावं कसं, टेबल किती उंच असावं, उजेड कुठून यावा, एवढंच बघणारी तज्ज्ञ माणसं असतात म्हणे.

"बसायचं कसं ते शिकवायला डॉक्टर?" नवऱ्याला हसू आवरेना.

लेकीने तिकडे लक्षच दिलं नाही. ठिकठिकाणी फोन करून तिने एक बाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "मी कामाच्या जागीच येऊन बघते. फक्त रोजचं जसं चालतं, तसंच चालू द्या."

मालक माणूस वाईट नव्हता. "येऊ द्या की," म्हणाला. पण बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर रोजचं कोण चालू देतं हो? सकाळपासून झाडलोट सुरू झाली. चिंध्यांची पोती मागच्या खोलीत गेली. ज्या बुटक्या स्टुलावर बसून काजमावशी गुडघ्यावर कोट घ्यायची आणि दिवसभर मान मोडायची, ते स्टूलही पोत्यांमागे गेलं. मालकाने स्वतःची गादीची खुर्ची आणली, एक टेबल खिडकीशी ओढलं आणि म्हणाला, "मावशी, आज जरा ऐटीत!" बाया हसल्या, तीही हसली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

तज्ज्ञ बाई आल्या. शेजारी बसून त्यांनी बराच वेळ तिचं मनगट बघितलं, मान बघितली, टेप लावून टेबलाची उंची मोजली.

"रोज अशाच बसता?" त्यांनी विचारलं.

शिलाईची यंत्रं थांबली. मालक रुमालाने कपाळ पुसत उभा. आपली खुर्ची दिलेल्या माणसाला सगळ्यांदेखत खाली बघायला कसं लावायचं? तिची जीभच रेटेना.

"हो," ती म्हणाली.

"मग इथल्या मांडणीत तर काही खोट दिसत नाही. त्रासाचं मूळ दुसरीकडे असणार. मोठ्या डॉक्टरांकडून हात तपासून घ्या." आणि बाई निघून गेल्या.

"सुटलो बुवा!" मालक म्हणाला. खुर्ची परत केबिनमध्ये गेली. काजमावशीने पोत्यांमागून आपलं स्टूल स्वतःच ओढून काढलं. राग यायला हवा होता, निदान स्वतःचा तरी. आला नाही. तिने कोट गुडघ्यावर घेतला आणि काज पुढे चालू केलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "काय म्हणाल्या गं त्या?"

"सगळं छान आहे म्हणाल्या. टेबल बरोबर, खुर्ची बरोबर."

"खुर्ची?" लेक थबकली. "आई, तुला खुर्ची कुठे आहे?"

"अगं, बाहेरचं माणूस येणार होतं ना."

पलीकडे लेक रडत असल्याचं कळलं. काजमावशीने फोन डाव्या हातात घेतला आणि आपल्यालाही रडू येतंय का, म्हणून वाट बघत बसली.