दुसऱ्या दिवशीचा वेणीपाव

लेकीच्या ओव्हनमधून पावाचा वास आला आणि मला कडावची आमची चूल आठवली. बाबा माथेरानच्या एका हॉटेलात आचारी होते. सुट्टीवर आले की वेणीचा पाव करायचे. एकदा पिठाचे तीन पेड गुंफायला आई बसली आणि माझी वेणी घालायची तशीच गच्च वेणी घातली.

"सैल घाल गं, पीठ फुगनार हाय," बाबा म्हणाले.

"सैल येणी मला नाय जमत!"

निखाऱ्यावरच्या पातेल्यात पाव तडकला, वर दगडासारखा घट्ट झाला. बाबा हिरमुसले. सकाळी आईने तो कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतला, तर बाबांनीच दोनदा मागून घेतला.

आज लेकीचा पाव सुरेख फुगलाय, सगळे ताव मारतायत. मी मात्र चार तुकडे डब्यात लपवलेत. आमच्या घरचा खरा पाव उद्या सकाळी व्हायचाय.