चारचौघांत नव्हे, चिंचेखाली

उपासना संपल्यावर चर्चच्या मागे, चिंचेच्या पारावर दोन माणसं बसली होती. एक आमचे पाळकसाहेब, दुसरा माझा धाकटा भाऊ योहान. लांबून मला शब्द ऐकू येत नव्हते. बोलत होता तो बहुतेक योहानच; साहेब मान झुकवून ऐकत होते.

योहान त्या सकाळी पिऊन आला होता. बाकावर बसताना त्याचा तोल गेला आणि मागच्या बायका कुजबुजल्या. मला वाटलं, आता साहेब सगळ्यांसमोर त्याला बोलणार आणि हा उठून जाणार, तो कायमचाच! पण साहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे पुढचं गीत सांगितलं.

भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात सांगावं, ही प्रभूची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. तीत सांगण्याइतकंच थांबणंही आहे, हे मला त्या पाराकडे बघताना उमगलं.

मंडळी चहा पिऊन पांगली, तेव्हा कुठे योहान उठून आला. डोळे लाल होते, चेहरा मात्र मोकळा.

"ताई, साहेब सरळच म्हणाले, तू चुकतोयस."

"मग?"

"मी म्हटलं, मला एकट्याला हे सुटत नाही. तर म्हणाले, उद्या डॉक्टरांकडे मी येतो तुझ्याबरोबर."

मी त्याचा हात धरला आणि भर रस्त्यातून, कितीतरी दिवसांनी मान वर करून, घराकडे चालू लागले.