भाऊंचा पहिला वणवा

आमच्या मुलुंडच्या पुढाऱ्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांच्या सभांना माईक मी लावतो, त्यामुळे भाषणं मला पाठ आहेत. आधी माईकवर दोन टिचक्या, मग डोंगराकडे बोट करून, "मित्रांनो, हवामान बदलतंय!"

उन्हाळ्यात त्या डोंगरावर वणवे लागतात. ते शोधायला भाऊंनी ड्रोन आणला. पायथ्याशी उद्घाटन झालं. "यापुढे एकही वणवा सुटणार नाही," भाऊ म्हणाले आणि नेहमीप्रमाणे कार्यकर्त्यांनी फटाक्यांची माळ लावली. वाळलेलं गवत भडकलं. ड्रोन अजून खोक्यातच होता.

कार्यकर्ते पळाले. भाऊ मात्र सत्काराची शाल ओढून काढून गवत झोडपायला लागले. मला ओरडले, "बघतोस काय रे? पाणी आण ना!" आग विझली तेव्हा त्यांच्या भुवया करपल्या होत्या. त्या दिवशी हा माणूस मला पहिल्यांदाच आवडला.

पुढच्या सभेपर्यंत भुवया उगवल्या नव्हत्या. दोन टिचक्या मारून भाऊ म्हणाले, "मित्रांनो, आपल्या ड्रोनने पहिला वणवा पकडला!" टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज वाढवायची खूण केली.

मी वाढवला.