पाचवा कागद

माझ्या बाबांना सही येत होती. ठळक, वळणदार, मराठीत. तरी साहेब म्हणाले, "किसन, तू अंगठाच लाव. अंगठा बरा असतो."

शाईचं पॅड पुढे सरकवलं. बाबांनी डावा अंगठा दाबला. एकदा, दोनदा, चारदा. प्रॉपर्टी डीलर एकेक कागद उलटत होता आणि बोटाने जागा दाखवत होता. साहेब आणि डीलर सोफ्यावर. बाबा वेताच्या ठेंगण्या स्टुलावर, पुढे वाकून. मी भिंतीशी उभी. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं साहेबांचं सरकारी घर होतं ते. मी एकोणीस वर्षांची होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. म्हणूनच बाबांनी मला बरोबर आणलं होतं. "कागद नीट बघ हं बेटा," असं बसस्टॉपवर दोनदा म्हणाले होते.

चार कागद ठरले होते. साहेबांच्या फ्लॅटचा सौदाकरार, मुखत्यारपत्र, फ्लॅट बाबांना देणारं साहेबांचं मृत्युपत्र, पावती. ते मी आदल्या दिवशी वाचले होते. पण चारांवर अंगठे झाले आणि डीलरने खालून आणखी एक काढला. इंग्रजी टाइप केलेला, एकच पान. मी हात पुढे केला.

"साहेब, हा पाचवा कागद कसला?"

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना म्हणाले, "किसन, मुलीला शिकवलंस, चांगलं केलंस. पण तुमच्या लोकांत चार बुकं वाचली की लगेच माणसांवरचा विश्वास उडतो. मी तुला घर देतोय आणि ही माझी झडती घेते?"

देतोय म्हणाले. विकत होते.

बाबांचे कान लाल झाले. मला म्हणाले, "माफी माग साहेबांची."

"सॉरी," मी म्हटलं.

"नीट माग. मराठीत."

"चुकलं, साहेब."

पाचव्या कागदावरही अंगठा लागला. मी तो वाचला नाही.

बाबा एका मंत्रालयात दफ्तरी होते. फायली शिवायच्या, बांधायच्या, या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यायच्या. वाशिमकडच्या एका गावातून पंचविशीत दिल्लीला आले. साहेबही आपल्याकडचे, मराठी. एवढ्या मोठ्या ऑफिसात मराठी बोलणारा साहेब, याचंच बाबांना कौतुक. साहेबांच्या घरचं रेशन, दुधाची टोकनं, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, सगळं बाबा करायचे. ऑफिसची वेळ संपल्यावर. घरी आम्ही जयभीम म्हणायचो. साहेबांच्या दारात बाबा नमस्कार म्हणायचे.

रिटायरमेंट जवळ आली. आर. के. पुरमचा क्वार्टर सोडावा लागणार होता. मी जन्मले तेव्हापासून तेच आमचं घर. भाड्याने खोली शोधायला आम्ही आठवडेच्या आठवडे हिंडलो. मुनीरका, मोहम्मदपूर, पार उत्तम नगरपर्यंत. मालकीण आधी हसून बोलायची. आईला पाणी द्यायची. मग विचारायची, "आप लोग कौन हुए?" बाबा खोटं बोलायचे नाहीत. सांगायचे. मग खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची.

अशातच साहेब म्हणाले, "यमुनेपलीकडे मला फ्लॅट लागलाय. वैशालीला. मला काही तिकडे जायचं नाही. तू घे."

नव्वदच्या दशकातल्या गोष्टी या. यमुनेपलीकडे तेव्हा नुसती धूळ आणि अर्धवट खांब. पण पेपरात रोज रंगीत जाहिराती. नवं शहर, नवं आयुष्य. अशा फ्लॅटची काही वर्षं दुसऱ्याच्या नावावर विक्री करता येत नव्हती. म्हणून लोक मुखत्यारपत्रावर घ्यायचे. मालक कागदावर तोच राहायचा, घरात राहायचा दुसरा. मी डीलरला विचारलं होतं, यात धोका नाही का? तो हसला. "बेटा, आधी दिल्ली पावर ऑफ अटर्नी पे बैठी है." निम्मी दिल्ली मुखत्यारपत्रावर, म्हणे.

बाबांचा फंड गेला, आईच्या पाटल्या गेल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. बाबांनी स्वतः भिंती रंगवल्या. दारावर पितळी पाटी लावली. आपलं पूर्ण नाव, जात सांगणारं आडनाव, ठळक अक्षरांत. रोज सकाळी ती चिंचेने घासायचे. साहेब म्हणाले होते, मुदत संपली की पक्की रजिस्ट्री करून देतो. बाबा दर दिवाळीला मिठाई घेऊन जायचे आणि विचारायचे. साहेब म्हणायचे, "अरे हो, करू ना. तुला कोण हाकलतंय?"

मी शिक्षिका झाले. लग्न केलं, दिल्लीत भाड्याच्या दीड खोलीत संसार मांडला. आई गेली. मग साहेब गेले. बाबा निगमबोधच्या स्मशानघाटावर जाऊन रडून आले. तोपर्यंत वैशालीला मेट्रो येणार म्हणून चर्चा सुरू झाली होती. धुळीच्या जागी मॉल उभे राहिले. आणि साहेबांच्या मुलाची नोटीस आली.

नोटीस मी वाचली. दोनदा वाचली. त्यात लिहिलं होतं की किसन हा आमच्या वडिलांचा जुना नोकर. अशिक्षित. दया म्हणून त्याला फ्लॅटमध्ये राखणदार ठेवलं होतं. आता त्याची गरज नाही. त्याने फ्लॅट रिकामा करावा.

सोबत पुरावा म्हणून एका पानाची झेरॉक्स. पाचवा कागद. 'मी हे घर राखण्यासाठी राहत आहे, माझा यावर कोणताही हक्क नाही.' खाली बाबांचा अंगठा.

बाबा विचारत होते, "काय लिहिलंय?" मी झेरॉक्स उलटी करून टेबलावर ठेवली.

वैशाली गाझियाबादच्या हद्दीत येते; तिथल्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली वकील बसायचे. आमच्या वकिलांनी कागद पंख्याच्या वाऱ्यात दाबून धरून वाचले. म्हणाले, "मुखत्यारनामे से कोई मालिक नहीं बनता, मैडम. वसीयत उन्होंने बाद में बदल दी. आपके पास करार है, रसीद है, कब्जा है. लड़ सकते हैं. पर ये पाँचवाँ कागज़..." आणि माझ्याकडे पाहिलं. "आप तो पढ़ी-लिखी थीं. पढ़ा नहीं?"

काय सांगणार? की मला माफी मागायला लावली होती?

तडजोडीची बोलणी समोरच्या वकिलाच्या चेंबरमध्ये झाली. साहेबांचा मुलगा आला. ज्याला बाबांनी बोट धरून बसमध्ये बसवलं तो. बाबा उठून उभे राहिले. तो बसूनच म्हणाला, "किसन, तू आमच्या घरचाच आहेस यार. पप्पांनी तुला सांभाळलं, मी पण सांभाळीन. तू जिवंत आहेस तोवर राहा. फक्त लिहून दे की तू केअरटेकर आहेस. बस."

बाबा सत्तरीच्या पुढचे. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं राहिलेलं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"नाही," मी म्हटलं. "बाबा लिहून देणार नाहीत."

"ताई, इमोशनल होऊ नका," मुलगा म्हणाला. "प्रॅक्टिकल बघा."

"बाबांनी घर विकत घेतलंय. ते राखणदार नाहीत. आणि तुम्ही त्यांना अरे-तुरे करू नका."

मग बाबाच बोलले. हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं.

"हे घर गेलं तर मला कुठे ठेवशील?"

माझ्या दीड खोलीत सासू होती, दोन मुलं होती. भाडेकरारात पाहुणा चालत नव्हता.

"माहीत नाही, बाबा."

खरंच माहीत नव्हतं. पण पेन मी त्यांच्या हातातून घेतलं आणि आम्ही बाहेर पडलो. बसमध्ये ते पुढच्या सीटवर एकटे जाऊन बसले. मी त्यांचं म्हातारपण पणाला लावलं होतं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

केस उभी राहिली. तारखा पडत गेल्या. कधी जज रजेवर, कधी वकिलांचा संप. शेवटी बाबांची उलटतपासणी आली. मी त्यांना आठ दिवस शिकवलं होतं. काय विचारतील, काय सांगायचं. समोरच्या वकिलाने आवाज चढवला नाही. अगदी गोड बोलला.

"किसन जी, आप बड़े साहब के यहाँ काम करते थे?"

"जी."

"दूध, राशन लाते थे?"

"जी."

"उन्होंने आपको रहने को घर दिया?"

"जी."

मी बाकावरून उठले. वकिलांनी मला खाली ओढलं. बाबांना प्रश्न ऐकू आला नव्हता असं नाही. आयुष्यभर साहेबी आवाजाला त्यांच्या तोंडून एकच उत्तर निघत आलं होतं. टायपिस्टने ते उत्तर टाइप केलं. ते आता रेकॉर्डवर आहे.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीशी त्यांना कळलं आपण काय बोललो ते. "बेटा, ते खोडता येईल का?"

"नाही, बाबा."

त्या हिवाळ्यात बाबा गेले. त्याच घरात गेले, एवढंच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पितळी पाटी काढावी असं भावकीतले लोक म्हणाले. मी काढू दिली नाही. साहेबांच्या मुलाचा फोन आला. "आता तरी मिटवू या ना. किसन तर राहिला नाही."

मी म्हटलं, "किसनराव म्हणा." आणि फोन ठेवला.

लाज कुणाला वाटायला हवी ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकोणीस वर्षांची असताना मी माफी मागितली, ती लाज इतकी वर्षं माझी समजून बाळगली. ती माझी नव्हती. ज्यांनी वाचू दिलं नाही त्यांची होती.

केसमध्ये वारस म्हणून आता माझं नाव चढलं आहे. वकील सांगतात, केस कमजोर आहे. हरू शकतो. मी ऐकून घेते. मी दीड खोली सोडून नवऱ्याला, मुलांना, सासूला घेऊन वैशालीला राहायला आले आहे. पुढच्या तारखेला मला साक्षीला उभं राहायचं आहे. अंगठे लावले त्या दिवशी साहेबांच्या बैठकीत कोण कुठे बसलं होतं, कोण काय बोललं, आम्ही कोण, आम्हाला काय म्हटलं गेलं, एकही शब्द न गाळता मी सांगणार आहे. टायपिस्टला ते टाइप करावं लागेल.

निकाल विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात जाईन. तिथे पोहोचेपर्यंत मी मेले तर माझ्या जागी माझ्या मुलीचं नाव चढेल. कायद्यात तशी सोय आहे. तिला मी सगळी फाइल वाचून दाखवली आहे.