गुलाबशेठच्या हलक्या करंड्या

मोसंबीच्या गोदामात काम केलेल्या माणसाकडं किस्से साठतच जातात. माल निघून जातो, वास मागं राहतो; किश्श्यांचंही तसंच. आमचं गोदाम जालन्याच्या स्टेशनजवळ होतं. हैद्राबाद स्टेट अजून मोडलं नव्हतं. मालक गुलाबशेठ, पॅकिंग करणारे करीमचाचा, आणि माल रवाना करणारा मी. दुपारी पत्र्याच्या फटींतून ऊन उतरायचं, आणि त्या पिवळ्या ढिगांपुढं बसलं की आपण जागे आहोत का झोपेत, तेच कळायचं नाही!

*

धंदा मात्र बुडायला लागला होता. रेल्वेचं भाडं वजनावर, आणि आमची खोकी जाड फळ्यांची. एकदा शेठनी रिकामं खोकं काट्यावर ठेवलं, मग भरलेलं.

"चाचा," ते म्हणाले, "आपण मोसंबी विकून राह्यलो का फर्निचर?"

त्याच दिवशी बुरूडगल्लीतल्या सोनाबाईला बांबूच्या करंड्या विणायला सांगितल्या.

*

रिकाम्या खोक्यांनी अर्धं गोदाम खाल्लं होतं. जास्तीच्या मालाला भाड्याची खोली घ्यावी लागायची. सोनाबाईच्या करंड्या तळाला निमुळत्या, तोंडाला रुंद. शेठ राजूरच्या गणपतीला गेल्ते, तेवढ्यात आम्ही जुनी खोकी विकून टाकली आणि करंड्या सगळ्या येऊन पडल्या.

शेठ परत आले, दार उघडलं आणि ओरडले, "चोरी झाली! गोदाम साफ केलं कोणी तरी!"

चाचांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. "चोरी न्हाई, शेठ. सगळ्या तिथंच हायेत. एकीच्या पोटात एक झोपल्यात."

भाड्याची खोली दुसऱ्याच दिवशी सोडली.

*

फळं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून चाचा करंडीत वाळकं गवत घालायचे. एकदा स्टेशनच्या फाटकापाशी आमच्या बैलगाड्या अडकून पडल्या. मागच्या गाडीच्या बैलांनी पुढच्या गाडीत तोंडं घातली आणि निवांत जेवण केलं! माल वजन करायला घेतला तर मोसंबी आत गडगडत होती.

पुढच्या खेपेला चाचांनी गवताच्या जागी कडुलिंबाचा सुका पाला घातला. बैलानं एकदा तोंड लावलं, मान झटकली.

"खा बेटा, खा! मेहमान हैस तू!" चाचा म्हणाले.

*

मनमाडला छोट्या रुळांच्या गाडीतला माल मोठ्या रुळांच्या गाडीत चढवायचे, तिथं हमाल करंड्या आपटायचे. करंडी टिकंल का, हा शेठना घोर. "बराबर तपासूनच पाठवायची," म्हणाले, आणि स्वतःच एका भरल्या करंडीवर बसले. शेठचा देह भारी. करंडी कुरकुरली, पण दबली नाही.

शेठ भिंतीला टेकले. लिंबाचा पाला, मोसंबीचा वास, दुपारचं ऊन... डोळा लागला. चेहऱ्यावर असं हसू की उठवायची कोणाची छाती होईना. शेवटी मालगाडीची शिट्टी ऐकू आली.

शेठ दचकून उठले. "काय झालं?"

"करंडी पास झाली, शेठ," चाचा म्हणाले. "आणि गाडी पण पास झाली!"

*

सोनाबाईची लेक मुंबईला दिलेली. जावयानं बिऱ्हाड बदललं आणि पुढं काही कळलंच नाही. सात वर्षं झाली होती. सोनाबाई त्याबद्दल बोलायची नाही; बांबूच्या कामट्या सोलत राहायची.

मुंबईहून रिकाम्या करंड्या माघारी यायच्या. एका करंडीचा तुटलेला काठ तिकडंच कोणी तरी दुरुस्त केला होता. सोनाबाईनं त्यावरून बोट फिरवलं आणि ती खालीच बसली.

"काय झालं, बाई?" चाचांनी विचारलं.

"ही वीण उलटी फिरलीय. माझी लेक डावखुरी हाय."

"मुंबई केवढी मोठी. डावखुरे काय कमी हायेत तिथं?"

"असतील," ती म्हणाली.

पुढच्या मालात तिनं एक करंडी अर्ध्या काठाची आणली. कामट्या वर तशाच मोकळ्या. मी ती बाजूला काढली. तोळ्यातोळ्याचा हिशेब बघणारे शेठ आले, करंडीकडं बघत उभे राहिले.

"हिच्यात माल भरू नका," ते म्हणाले. "रिकामीच जाऊ द्या. भाडं लागंल ते लागू द्या."

वॅगनमध्ये त्यांनी ती स्वतःच्या हातानं सगळ्यात वर ठेवली.

मंग आम्ही तिघंही रोज मालगाडीच्या वाटेकडं बघायला लागलो. कोणी कोणाला सांगत नव्हतं, एवढंच.

एका सकाळी करंडी परत आली. काठ पुरा विणलेला, उलट्या फिरतीचा. आणि काठाला सुतळीनं बांधलेली एक इवलीशी करंडी, मुठीत मावेल एवढी.

सोनाबाईनं ती उन्हात धरली. तिची वीण डावीही नव्हती, उजवीही नव्हती. वाकडीतिकडी, मध्येच सुटलेली, पुन्हा धरलेली. लहान बोटांची.